केळं खाताना मंजूर झालेली रजा

क्रेगने माझी रजा मंजूर केली तेव्हा तो केळं खात होता. हा तपशील मी मुद्दाम देते आहे, कारण पुढचं सगळं महाभारत त्या केळ्यामुळे घडलं असं माझं मत आहे. तो खुर्चीत ताठ बसून, चष्मा लावून, एखाद्या कागदाकडे गंभीरपणे बघत "हो" म्हणाला असता, तर मी निमूट माझ्या जागेवर परत गेले असते. पण तोंडात घास असताना दिलेला होकार ग्राह्य धरावा की नाही, हे रसायनशास्त्राच्या एमएस्सीला शिकवत नाहीत.

रजा अभ्यासाची होती. ऑकलंडच्या ओटाहुहू भागातल्या एका प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. विहिरींचं, टाक्यांचं, पोहण्याच्या तलावांचं पाणी बाटल्यांमधून माझ्यासमोर येतं आणि त्यात काय आहे ते मी सांगते. ते येतं कुठून, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. बाटलीच्या मागची नदी बघावी अशी हौस वाटली, म्हणून नोकरी सांभाळून मी दूरशिक्षणाने नद्यांवरचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला. सगळा अभ्यास घरबसल्या, फक्त एक आठवडा सोडून. त्या आठवड्यात पामर्स्टन नॉर्थला जाऊन खरोखरीच्या नदीत उतरायचं होतं. जो येणार नाही तो नापास, मग त्याचे निबंध कितीही सुंदर असोत.

या देशात अभ्यासासाठी भरपगारी रजा द्यावी असा सरसकट कायदा नाही. ज्याच्या त्याच्या नोकरीच्या करारात असेल तसं. आमच्या करारात एक ओळ आहे, की कामाशी संबंधित शिक्षणासाठी व्यवस्थापक आपल्या मर्जीने अशी रजा देऊ शकतो. ती ओळ पाठ करून मी क्रेगकडे गेले होते. सोबत नकाराची तीन कारणं आणि त्यांची उत्तरंही तयार होती. त्यातलं एकही वापरायची वेळ आली नाही.

"येह, नाह, स्वीट ॲज. जा तू," क्रेग म्हणाला. मग त्याने केळ्याच्या सालाने कचऱ्याच्या डब्यावर नेम धरला आणि तो चुकला.

अवोन्डेलच्या घरी आम्ही तेव्हा चौघं होतो. मी, माझा नवरा अक्षत, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. सासरे बाळासाहेब, म्हणजे आमचे बाबा, एका जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते: आस्थापना शाखा म्हणजे ती जागा, जिथे माणसांचे रजेचे अर्ज आत जातात.

बाबांना ऑकलंडमध्ये करमत नव्हतं. आल्या आल्या त्यांनी आमच्या रस्त्यावरच्या वाकलेल्या पाटीबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आभाराचं उत्तर आलं आणि आठवड्याच्या आत पाटी सरळ झाली. बाबा खूप नाराज झाले. "स्मरणपत्र पाठवायची सोयच ठेवली नाही यांनी," असं म्हणत ते दोन दिवस खिडकीत बसून होते.

रात्री जेवताना मी रजेची बातमी सांगितली.

"ऑर्डर कुठाय?" बाबांनी विचारलं.

"ऑर्डर नाही बाबा, तो हो म्हणाला."

"कोणापुढे?"

"माझ्यापुढे."

बाबांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "सूनबाई, तोंडी मंजुरी म्हणजे मंजुरीची अफवा. उद्या तो म्हणाला, मी असं बोललोच नाही, तर? तू नदीत आणि इकडे तुझी बिनापरवाना गैरहजेरी!"

"बाबा, इथे इतकं नसतं लागत," अक्षत म्हणाला.

"तुला सॉफ्टवेअर कळतं. रजा कळत नाही."

"अहो, पोरीला जेवू द्या," सासूबाई म्हणाल्या. पण एव्हाना मीही जेवायची थांबले होते. शंकेचं बी माझ्यात दुपारीच पडलं होतं, बाबांनी नुसतं पाणी घातलं. शिवाय, ज्या निरीक्षणाची नोंद नाही ते निरीक्षणच नव्हे, असं प्रयोगशाळेत मीच सगळ्यांना ऐकवत असते.

"माझ्या टेबलावरून अध्ययन रजेचे ढीगभर अर्ज गेले," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत गेल्या तीन महिन्यांत न दिसलेलं तेज आलं होतं. "एकही सरळ मंजूर झाला नाही. त्यामुळे असा अर्ज कसा नामंजूर होतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आपण पुढच्याला हरकत घ्यायला जागाच ठेवायची नाही. सगळ्या हरकती आपणच लिहायच्या, आणि आपणच खोडायच्या!"

सासऱ्यांना नाही म्हणणं मला जमलं असतं, पण इतक्या आनंदात असलेल्या सासऱ्यांना जमलं नाही.

मसुदा शनिवारी सुरू झाला आणि रविवारी दुपारी बॉटनी डाउन्सहून प्रमोद आणि त्याची बायको स्वप्ना जेवायला आले तेव्हा तो चार पानांवर पोचला होता. बाबा मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत लिहीत होते. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" याचं इंग्रजी करताना माझी जी अवस्था झाली ती सांगत नाही. अर्जाला दोन परिशिष्टं होती. दुसऱ्या परिशिष्टात सात संभाव्य हरकती होत्या आणि प्रत्येकीखाली खुलासा.

प्रमोद अक्षतचा मित्र. तो आमच्याआधी सात वर्षं इथे आला. परदेशात जो आधी येतो तो नंतरच्यांचा आजन्म सल्लागार असतो, त्याला नेमावं लागत नाही.

"अर्ज झकास आहे काका," प्रमोद म्हणाला, "पण नुसता मॅनेजरला देऊन काय होणार? सीसी केल्याशिवाय इथे पान हलत नाही. हेड ऑफिसच्या एचआरला टाका. आणि युनियनच्या माणसाला तर टाकाच टाका. युनियन म्हटलं की हे लोक वचकून असतात."

"प्रत माहितीस्तव!" बाबा उद्गारले. इतकी मोठी गोष्ट आपल्या हातून राहिली कशी, म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला.

"त्यापेक्षा सरळ आजारी पड ना गं," स्वप्ना म्हणाली. "हीप्स ऑफ लोक पडतात."

आजारी बाई आठवडाभराने उन्हात रापून, गमबूट घेऊन परत आली तर काय सांगायचं, हे तिने सांगितलं नाही. सल्ला देणाऱ्याने तपशिलात शिरायचं नसतं. सोमवारी सकाळी मी अर्ज धाडला, प्रती माहितीस्तव दोन.

पहिला परिणाम दहा वाजता दिसला. सिओने आमचा युनियनचा प्रतिनिधी. टोंगा बेटांवरचा धिप्पाड माणूस, एरवी नमुन्यांची गाडी चालवतो. तो माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, तू एकटी नाहीस."

मी म्हटलं, "मला फक्त नदीवर जायचंय."

"हो, हो. पाहिजे तेव्हा बोल. घाई नाही." मग त्याने सांगितलं, की युनियनच्या सभासदाला कामगार कायद्याच्या शिबिराला मात्र कायद्याने भरपगारी रजा मिळते. मी यावर बराच विचार केला. पाण्याबद्दल शिकायला रजेचा कायदा नाही, पण रजेच्या कायद्याबद्दल शिकायला रजा आहे! बाबांना संध्याकाळी हे सांगितल्यावर ते या देशाबद्दल पहिल्यांदाच आदराने बोलले.

दुसरा परिणाम म्हणजे क्रेग. तो दुपारी आला, त्याच्या हातात केळं नव्हतं आणि चेहराही नेहमीचा नव्हता.

"इरा, माझं काही चुकलं का?"

"नाही! अजिबात नाही."

"तू मागितलीस, मी हो म्हटलं. बरोबर ना?"

"बरोबर. तेच कागदावर हवं होतं."

"चार पानं?" क्रेग म्हणाला. इतकंच म्हणून तो गेला. मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि जास्त राग याचा आला की नक्की कोणी केला ते सांगता येत नव्हतं.

तिसरा परिणाम मुख्य कचेरीतून आला. तिथल्या एचआरच्या डेब्रा यांची ईमेल. क्रमांक घातलेल्या हरकती आणि युनियनला प्रत, असा कागद इथे माणूस एकाच प्रसंगी पाठवतो: मालकाविरुद्ध रीतसर तक्रार करायची असते तेव्हा. माझी व्यथा समजून घ्यायला डेब्रा स्वतः येणार होत्या. मी आधाराला कोणी माणूस सोबत आणू शकत होते. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या रजेचा निर्णय स्थगित होता.

स्थगित! पामर्स्टन नॉर्थचा आठवडा पुढच्याच सोमवारी सुरू होत होता, आणि बैठक होती त्याच्या आधीच्या गुरुवारी. केळ्यासोबत मिळालेली रजा मी चार पानं लिहून घालवली होती. वर्षभर रात्री जागून लिहिलेले निबंध आता गेल्यात जमा होते. मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, थोडी रडले. ते पाणी पिण्यायोग्य आहे हे मला व्यवसायामुळे माहीत होतं, तेवढाच दिलासा.

आधाराचा माणूस ही इथली रीत आहे. नोकरीतल्या कुठल्याही गंभीर बैठकीला माणूस आपल्या बाजूचं कोणीतरी शेजारी बसवतो. अक्षतला त्या दिवशी काम होतं. बाबांनी काही विचारलंच नाही, निवृत्तीच्या समारंभातला कोट इस्त्रीला काढला.

गुरुवारी आम्ही बैठकीच्या खोलीत शिरलो तेव्हा बाबांच्या अंगात कोट, गळ्यात मफलर आणि काखेत फाइल होती. फाइलला बांधायला लागतो तसा टॅग अवोन्डेलच्या कुठल्याही डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, मिळाला नव्हता, म्हणून सासूबाईंच्या परकराची नवी कोरी नाडी वापरली होती. टेबलावर बिस्किटं होती आणि टिश्यूंचा खोका माझ्या अंगाला सरकवून ठेवला होता. समोर क्रेग होता. त्यानेही आधाराला माणूस आणला होता. त्याची आई.

"तो मनाने वाईट नाही हं," ती मला म्हणाली.

"किया ओरा," डेब्रांनी माओरी नमस्काराने सुरुवात केली. पन्नाशीच्या, शांत, प्रत्येक वाक्यानंतर मान एका बाजूला कलती करणाऱ्या. "इरावती, आधी एक सांगते. आम्ही तुझं ऐकतोय. तुला कामावर सुरक्षित वाटतं ना?"

"हो."

"क्रेगने रजा नाकारली तेव्हा तुला कसं वाटलं?"

"त्याने नाकारली नाही. दिली."

"कधी?"

"मागितली तेव्हा."

डेब्रांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली. "मग तक्रार कसली आहे?"

"तक्रार नाही. अर्ज आहे."

"पण यात सात हरकती आहेत."

"त्या आमच्या नाहीत मॅडम," बाबा म्हणाले. त्यांचं इंग्रजी जुनं आणि कडक आहे. "त्या तुमच्या आहेत."

डेब्रांनी परिशिष्ट दोन उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा लावला. मग पेन काढलं. त्यांची मान हळूहळू सरळ झाली.

"तिसरा मुद्दा," त्या म्हणाल्या. "हिच्या गैरहजेरीत हिचं काम कोण करणार? क्रेग, याचा विचार केला होतास?"

"मी करणार होतो."

"लेखी?" बाबांनी विचारलं.

क्रेग आईकडे बघू लागला.

"आणि हा पाचवा. हिने शिकून घेतलं आणि नोकरी सोडली तर? हे आम्हाला कधी सुचलंच नाही!"

"बॉन्ड," बाबा म्हणाले. "लिहून घ्यायचं. दोन जामीनदारांसह."

"जामीनदार!" डेब्रा जवळजवळ कुजबुजल्या. इतकी वर्षं एकट्याने गाणाऱ्या माणसाला अचानक तबलजी मिळावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आणि सहावा, की प्रयोगशाळेतल्या माणसाला नदीची गरज काय? तुम्हाला काय वाटतं?"

"प्रथमदर्शनी," बाबा पुढे झुकत म्हणाले, "गरज दिसत नाही."

मी बाबांकडे बघत राहिले. ते मघाशी माझ्या शेजारी होते. आता त्यांची खुर्ची टेबलाच्या कोपऱ्याला वळसा घालून डेब्रांच्या बाजूला पोचली होती. ते दोघं एकाच कागदावर ओणवून, एकेक खुलासा वाचून तो किती पोकळ आहे ते एकमेकांना दाखवत होते. सातही खुलासे मीच टाइप केले होते.

"म्हणजे धोरण ठरेपर्यंत हा अर्ज बाजूला ठेवावा लागेल," डेब्रा म्हणाल्या.

"प्रलंबित," बाबा म्हणाले. "करेक्ट." आणि त्यांनी स्वतःच्या पेनाने माझ्या नावाखाली रेघ मारली.

"बाबा," मी मराठीत म्हणाले, "तुम्ही माझ्या बाजूने आला आहात."

एसटीत डोळा लागलेला माणूस भलत्याच गावात जागा व्हावा, तसं बाबांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग रेघेकडे, मग टिश्यूंच्या खोक्याकडे. त्यातला एक टिश्यू मी घेतला होता. क्रेगच्या आईने त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली.

बाबांनी बिस्कीट घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं, खुर्ची उचलून, ओढून नव्हे, उचलून पुन्हा माझ्या शेजारी आणली आणि घसा साफ केला.

"मॅडम, सक्षम प्राधिकारी कोण?"

"म्हणजे?"

"ही रजा देण्याचा अधिकार कोणाला आहे? करार काय म्हणतो?"

करार माझ्यापाशी होता. डेब्रांनी ती ओळ वाचली. "व्यवस्थापक."

"व्यवस्थापक कोण?"

क्रेगने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"आपण रजा मंजूर केली आहे का?"

"केली आहे."

"अर्थात केली आहे," त्याची आई म्हणाली.

"मग आपण इथे कशासाठी बसलो आहोत?" बाबांचा आवाज चढला. कोट शोभून दिसायला लागला. "मॅडम, हरकत मंजुरीच्या आधी घ्यायची असते. मंजुरीनंतर आलेली हरकत कालबाह्य! आणि सक्षम प्राधिकाऱ्याने एकदा दिलेली रजा वरच्या कचेरीला फक्त बघता येते. प्रत तुम्हाला माहितीस्तव आहे. माहिती झाली का?"

डेब्रांनी करार पुन्हा वाचला. मग परिशिष्ट वाचलं. मग त्या हसल्या, आणि माझी खात्री आहे की त्यात सुटकेपेक्षा हळहळ जास्त होती.

"झाली," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. स्थगिती उठली. फक्त एक विचारू? हे सात मुद्दे मी ठेवून घेऊ का? पुढे कोणी रजा मागितली तर फार उपयोगी पडतील."

बाबा थांबले. एवढं कौतुक त्यांच्या कामाचं त्यांच्या साहेबांनीही कधी केलं नसेल. मला वाटलं आता हे परिशिष्टावर सही करून देणार. दाराच्या काचेतून सिओने आत डोकावत होता. त्याच्या मागे आणखी तीन डोकी होती. रजेचं काय होतंय हे बघायला सगळी प्रयोगशाळा लोटली होती.

"नाही," बाबा म्हणाले आणि परिशिष्ट दोन डेब्रांच्या हातातून अलगद काढून घेतलं. "हरकती मागे घेण्यात येत आहेत."

त्यांनी ते कागद फाइलीत घातले आणि परकराच्या नाडीची पक्की निरगाठ मारली.

क्रेगने त्याच संध्याकाळी ईमेल पाठवली. मजकूर एका शब्दाचा होता: "येप." बाबांनी ती तीनदा वाचली. "त्रोटक आहे," ते म्हणाले, "पण संदिग्ध नाही."

एवढ्यावर हे संपलं असतं. पण पामर्स्टन नॉर्थ गाडीने सहा-सात तास लांब, आणि मी एकटी गाडी चालवत जाणार म्हटल्यावर घरात पुन्हा चर्चा झाली. अक्षतने रजा मागितली नव्हती. ती मागायची कशी, हे आता त्याला कळेनासं झालं होतं.

"मी जातो," बाबा म्हणाले. मग, कोणी न विचारताच, "इतके अर्ज पाहिले. रजेवर गेलेला माणूस नक्की करतो काय, ते कधी पाहिलं नाही."

"नेच यांना," सासूबाई म्हणाल्या. "मलाही आठवडाभर रजा मिळेल."

सोमवारी सकाळी आम्ही नदीवर होतो. काचेसारखं पाणी, तळाशी गोल धोंडे, आणि एप्रिलची, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावरची, अशी थंडी की मी गमबुटात दोन जोड मोजे घातले होते. बाबा काठावर घडीच्या खुर्चीत, मफलर कानांवरून घेऊन बसले होते. आमच्या प्राध्यापिका फिओना यांनी पद्धत समजावली. एकाने प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची. दुसऱ्याने वरच्या अंगाला उभं राहून नदीच्या तळाला लाथा मारायच्या. दगडांखाली लपलेले किडे सुटून जाळीत येतात, आणि कोणते किडे आले त्यावरून नदीची तब्येत कळते. सगळ्यांनी जोड्या करा, त्या म्हणाल्या.

माझा जोडीदार आलाच नव्हता. त्याला शेवटच्या क्षणी त्याच्या कचेरीतून रजा मिळाली नव्हती.

"हरकत कोणती घेतली?" बाबांनी काठावरून ओरडून विचारलं. उत्तराची वाट न बघता ते उठले. मफलर खुर्चीला बांधला, न आलेल्या माणसासाठी आणलेले गमबूट फिओनांच्या गाडीतून मागून घेतले, पँट दुमडली आणि थेट पाण्यात आले. थंडीने त्यांच्या तोंडून निघालेला शब्द मी सून म्हणून ऐकला नाही.

"कुठे मारायची?"

"इथे, बाबा. हळू हं."

त्यांनी पहिली लाथ अगदी दबकत, साहेबांच्या केबिनचं दार लोटावं तशी मारली.

"जोरात!" फिओना काठावरून ओरडल्या. "अजून जोरात, सर!"

आयुष्यात बाबांना असं कोणी सांगितलं नसणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाळी धरून मान डोलावली. मग त्यांनी जी सुरुवात केली, ती बघायला इतर जोड्या थांबल्या. पाणी गढूळ झालं, धोंडे उलटे झाले, बाबांच्या कोटापर्यंत शिंतोडे उडाले. माझ्या जाळीत छोटे, तीन शेपट्यांचे, स्वच्छ पाण्यातच जगणारे किडे येऊ लागले. मी ते बाबांना दाखवले. "चांगली नदी आहे, बाबा. फार चांगली."

"दिसतंच आहे," बाबा धापा टाकत म्हणाले.

फिओनांनी शिट्टी वाजवली. नमुना पूर्ण झाला होता. बाकी सगळे काठाकडे वळले.

"बाबा, पुरे आता. बाहेर या. गारठून जाल."

"तू मोज, सूनबाई. मला अडवू नकोस," बाबा म्हणाले आणि पुढचा धोंडा हेरून प्रवाहात आणखी आत शिरले.